पट्टी सापडली! बेडरूम पॉप, अपडेट चौथा

चार महिन्यांनी पहिल्यांदा एक गाणं पूर्ण झालंय, पूर्ण म्हणजे खरंच पहिल्या कॉर्डपासून शेवटच्या कॉर्डपर्यंत, दोन गिटार ट्रॅक, एक मेन आवाज, मागे दोन हार्मनी आणि शेवटच्या कडव्यात पेटी. ३ मिनिटं ११ सेकंद. काल रात्री एक्स्पोर्ट केलं, हेडफोन लावून चार वेळा ऐकलं आणि मग खळ्यात, म्हणजे अंगणात, जाऊन उभी राहिले कारण झोप येणं शक्यच नव्हतं. पेटी कुठून आली ते सांगतेच, सगळ्यात महत्त्वाचं तेच आहे, पण मागच्या वेळी मी माईकपाशी थांबले होते तर तिथून सुरू करते.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात. बेडरूम पॉप म्हणजे स्टुडिओत न जाता घरच्या खोलीतच रेकॉर्ड केलेली गाणी. मी वेंगुर्ल्याजवळ राहते, वय १९, घर आजोबांच्या वेळचं, चिऱ्याच्या भिंती, वर मंगलोरी कौलं, पडवीला पत्रा. मी आठवीत होते तेव्हा, २०२० च्या जानेवारीत, बिली आयलिशने एका रात्रीत ग्रॅमीची चारही मोठी अवॉर्ड्स घेतली, ती तेव्हा फक्त १८ वर्षांची होती, आणि नंतर मला कळलं की तो अल्बम तिने आणि तिच्या भावाने, फिनियसने, लॉस एंजेलिसमधल्या आईवडिलांच्या घरी भावाच्या बेडरूममध्ये केला होता. मला तोपर्यंत वाटायचं अल्बम म्हणजे काचेपलीकडे बसलेली माणसं आणि भिंतभर मशीन. मग लॉकडाऊन लागला, जुलैमध्ये टेलर स्विफ्टचा तो शांत, जंगलातल्यासारखा अल्बम आला, तोही एकमेकांना फाइली पाठवून पाठवून बनलेला. मग आपल्याकडचे सापडत गेले, जयपूरचा प्रतीक कुहाड, ज्याचं गाणं ओबामांनी २०१९ च्या आवडत्या गाण्यांच्या यादीत घेतलं होतं, लुधियानाचा अनुव जैन, आणि कोचीचे व्हेन चाय मेट टोस्ट हे बँडवाले, जे मला सगळ्यात जवळचे वाटतात कारण कोची म्हणजे हाच समुद्र, हीच माडाची झाडं, आणि त्यांच्या गाण्यात बँजो वाजतो तेव्हा मला आमचा पूल ओलांडणारी सकाळची एसटी दिसते. का ते सांगता येणार नाही पण दिसते.

तर जून. पाऊस लागला आणि सगळं रेकॉर्डिंग बंद. पडवीच्या पत्र्यावर सर आली की घरात बोललेलं ऐकू येत नाही, तिथे कंडेन्सर माईक काय करणार, तो तर शेजारच्या आवारातला बेडूकही उचलतो. मी ऑडॅसिटी ह्या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये नॉइज रिडक्शन मारून बघितलं, नुसत्या पावसाचा तुकडा सिलेक्ट करून प्रोफाइल दिलं, पण पाऊस पंख्याच्या आवाजासारखा एकसारखा नसतो, सर वाढते, कमी होते, आणि तो खालपासून वरपर्यंत सगळ्या फ्रिक्वेन्सीत पसरलेला असतो, म्हणजे आपले स, श जिथे असतात तिथेही. पाऊस काढला की आवाज विहिरीतून आल्यासारखा व्हायचा. समुद्राच्या गाजेचं मात्र सोपं निघालं, ती बरीचशी खालीच असते, १०० हर्ट्झला हाय पास, म्हणजे त्याखालचे आवाज कापणारा फिल्टर, लावला की तिची घरघर जवळजवळ जाते आणि माझा सगळ्यात खालचा सूर १७५ च्या आसपास आहे, त्यामुळे गळ्यातलं काहीच जात नाही.

मग खोली बदलली. जुन्या घरांत बाळंतिणीची खोली असते ना, मधोमध, अंधारी, खिडकी नसलेली, आमच्याकडे तिथे आता तांदळाची पोती आणि गाद्या असतात. हीच माझी स्टुडिओ! चारी बाजूंनी दुसऱ्या खोल्या असल्यामुळे पावसाचा आवाज निम्म्यावर येतो, पोत्यांमुळे आवाज घुमत नाही, मागे दोरीवर आजीच्या दोन वाकळी टाकल्या की झालं. फोमच्या टाइल्स विकत घ्यायचा विचार करत असाल तर आधी घरातल्या वाकळी वापरून बघा, खरंच सांगते.

तिथे गेल्यावर एक नवीन आवाज सापडला, बारीक घुऽऽऽ असा, दोन दिवस मी माईकला दोष देत होते. तो लाइटचा होता. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे हम, म्हणजे विजेची घुणघुण, असली की ५०, १००, १५० अशा पायऱ्यांवर दिसते, स्पेक्ट्रम उघडला तर बरोबर त्याच रेघा. त्या खोलीच्या बोर्डाला अर्थिंगच नाही. चार्जर काढला, लॅपटॉप बॅटरीवर घेतला, आवाज गायब. आता बॅटरी चालते तेवढा दीड तास हेच माझं सेशन, आणि खरं तर हे बरंच झालं, आधी मी पूर्ण दुपार घालवायचे.

गिटारबद्दल पटकन. हवेतला दमटपणा मोजायचं छोटं यंत्र आणलं, ते जुलैभर ८५ टक्क्यांच्या खाली आलं नाही, गिटारला ४५ ते ५५ बरं असतं म्हणतात. लाकूड फुगलं, तारा वर आल्या, बाराव्या फ्रेटवर बोट दाबायला जोर लागायला लागला. बुटांच्या खोक्यातल्या सिलिका जेलच्या पुड्या सगळ्या नातेवाईकांकडून गोळा करून बॅगेत टाकल्यात, वाजवून झाल्यावर प्रत्येक तार कोरड्या फडक्याने पुसते, तरी तिसऱ्या आठवड्यात गंज. युकुलेलेच्या नायलॉनच्या तारांना काही होत नाही, पावसाळ्यात शिकायला सुरुवात करणाऱ्यांनी युकुलेलेच घ्यावी असं माझं ठाम मत झालंय.

आता मुख्य गोष्ट.

खोली झाली, हम गेली, आणि तरी माझा आवाज वाईटच येत होता. बेसूर नाही, ट्यूनरवर बघितलं तर सूर बरोबर, पण ताणलेला, पातळ, कडव्यात ठीक आणि कोरसला ओरडल्यासारखा. मी एका दिवसात ३० टेक घेतले. वाटलं माईक स्वस्तातला म्हणून, प्लगइन चांगले नाहीत म्हणून, कॉम्प्रेसर नीट लावता येत नाही म्हणून. रोज रात्री व्हिडिओ बघायचे आणि सकाळी सेटिंग बदलायचे. आजी बाहेरून म्हणायची, "गो, किती वेळ तांच तांच म्हणतंस?" आणि मला रडू यायचं, कारण मलाही कळत नव्हतं.

आमच्या वाडीत भजन मंडळ आहे, त्यांचे बुवा आजीकडे चहाला येतात. डबलबारीला, म्हणजे दोन भजन मंडळांच्या सामन्याला, गेलेले, सत्तरीचे आहेत, आवाज अजून खणखणीत. त्या दिवशी ते ओटीवर बसले होते आणि मी आत तोच कोरस विसाव्यांदा म्हणत होते. बाहेर आले तर म्हणाले, "गाणा बरा आसा गो बाय. पण तुझी पट्टी खंयची?"

पट्टी म्हणजे गाण्याचा सा कुठल्या सुरावर धरलाय ते. मी म्हटलं डी मेजर. ते म्हणाले ती गाण्याची झाली, तुझी कुठली?

मला उत्तर देता आलं नाही. डी मी का घेतला होता, तर डी, ए, बी मायनर, जी हे कॉर्ड्स गिटारवर सोपे पडतात आणि अर्धी पॉप गाणी ह्याच चालीवर असतात म्हणून. म्हणजे बोटांची सोय बघितली आणि गळ्याला विचारलंच नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडे गेले. त्यांनी पेटी पुढे ओढली, डाव्या हाताने भाता, आणि पांढरी दोनवर, म्हणजे पेटीच्या दुसऱ्या पांढऱ्या पट्टीवर, सा धरला, म्हणजे माझा डीच. म्हणाले खालच्या पंचमापर्यंत (प) जा. गेले, आरामात. आता वरच्या सा वर, आणि पुढे गंधार (ग) लाव. तिथे माझी मान वर गेली, खांदे वर गेले, गळ्याची शीर ताठ झाली, आणि त्यांनी माझ्याकडे न बघताच भाता थांबवला. मग एक पट्टी खाली, काळी एक. परत तेच. मग पांढरी एक. मग पांढरी सात. आणि मग काळी पाच. खालचा पंचम स्वच्छ लागला, अगदी छातीतून, आणि वरचा गंधार न ओरडता आला, तोंड अर्धवट उघडं असतानाच आला. मी हसले. ते म्हणाले, "ही तुझी. आता ही सोडू नको."

चार पट्ट्या! चार महिने मी स्वतःच्या आवाजापेक्षा चार पट्ट्या वर गात होते आणि माईकची सेटिंग्ज बदलत होते.

काळी पाच म्हणजे आपला ए शार्प, गिटारवर तिसऱ्या फ्रेटला कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा, लावून जी, डी, ई मायनर, सी वाजवले की झालं, बोटांना उलट अजून सोपं. कॅपो लावल्यावर परत ट्यून करा मात्र, तो तारा किंचित वर खेचतो.

ह्यातून मला जे कळलं ते सगळ्या बेडरूम पॉपवाल्यांना सांगायचंय. आपल्याला तो कानाजवळ कुणीतरी बोलल्यासारखा आवाज हवा असतो, बिलीसारखा, आणि आपण त्यासाठी माईक शोधतो. पण तो आवाज येतो कारण गाणं गळ्याच्या आरामाच्या जागेत असतं, त्यामुळे हळू गाता येतं, हळू गाता येतं त्यामुळे माईकच्या अगदी जवळ जाता येतं, आणि दिशा धरणाऱ्या माईकच्या जवळ गेलं की खालचा भाग आपोआप भरतो. वरच्या पट्टीत ओरडत असाल तर माईकपासून लांब जावं लागतं, लांब गेलं की गेन, म्हणजे माईकचा आवाज उचलायचा जोर, वाढवावा लागतो, गेन वाढवला की पाऊस आत. म्हणजे माझा पावसाचा प्रॉब्लेमसुद्धा अर्धा पट्टीचाच होता!

बुवांनी मंडळाचा जुना डायनॅमिक माईक पण दिला, जाळी थोडी चेपलेली, कडेला अबीर बुक्क्याचा डाग. मामेभावाने मुंबईहून पाठवलेल्या इंटरफेसला, म्हणजे माईक लॅपटॉपला जोडणाऱ्या डबीला, लावला, तोंडापासून तीन बोटं अंतर, थोडा तिरका म्हणजे प-फ फुटत नाहीत, पीक, म्हणजे सगळ्यात मोठा आवाज, उणे १२ डेसिबलच्या आसपास. बफर २५६ सॅम्पल, म्हणजे साधारण ६ मिलिसेकंदांचा उशीर, गाताना काही जाणवत नाही. बाहेर सर पडत होती आणि ट्रॅकवर ती फक्त दोन ओळींच्या मधल्या श्वासात ऐकू येते. तिसरा टेक घेतला. तेव्हा तोच ठेवला.

मग पेटी. मी बुवांना फोनवर अभंग रिपोस्ट हा बँड ऐकवला होता, ते अभंग बेस आणि गिटारसोबत गातात, बुवांनी एक इअरफोन कानात घेऊन पूर्ण ऐकलं, गुडघ्यावर ठेका धरला आणि शेवटी म्हणाले बेसवाला चांगला आहे. मग मी धीर करून विचारलं, माझ्या गाण्यात वाजवाल का. लगेच हो म्हणाले.

पण पेटी आणि गिटार एकत्र लागेनात. दोन्ही काळी पाच, तरी एकत्र ऐकलं की दात शिवशिवल्यासारखं. ट्यूनर पेटीसमोर धरला तर ती २० सेंट वर, म्हणजे दोन शेजारच्या पट्ट्यांमधल्या अंतराचा पाचवा भाग! जुनी पेटी, सूर तिचे ठरलेले, गिटारसारखी खुंटी पिळता येत नाही. आधी मी पेटीचा ट्रॅक सॉफ्टवेअरमध्ये २० सेंट खाली ओढला, पण सुरांचा तो थरथरता काठ असतो ना, तो चिखलासारखा झाला. शेवटी गिटारच पेटीला मिळवली, एकेक तार, आणि दोन्ही गिटार आणि सगळे आवाज परत घेतले. तीन दिवस गेले. मला जराही वाईट वाटलं नाही, कारण आता ते गाणं ह्या घरातल्या, ह्या वाडीतल्या पेटीला लागलेलं आहे, जगातल्या दुसऱ्या कुठल्याच गाण्याचा सा नेमका तिथे नसेल.

बुवांनी शेवटच्या कडव्यात जे वाजवलं ते मी सांगितलेलं नव्हतं. मी कॉर्ड्स लिहून दिले होते, त्यांनी कागद बाजूला ठेवला, दोनदा गाणं ऐकलं, आणि माझी ओळ संपते तिथून तीच ओळ पेटीवर उचलून पुढे नेली, भजनात कोरस उचलतो तशी. पहिल्याच टेकला. मागे भात्याचा फस् फस् आवाज येतोय, त्याला मी हात लावणार नाही.

आता उरलंय मिक्स, दुसऱ्या हार्मनीचा आवाज अजून मोठा आहे, आणि कोरसला गिटारचा वरचा भाग थोडा टोचतो, तारा गंजलेल्या असून टोचतो म्हणजे ईक्यू (खालच्या-वरच्या आवाजांचं प्रमाण) माझाच चुकलाय. चतुर्थीला मुंबईची सगळी भावंडं येतील, त्याआधी फायनल करायचंय, मामेभाऊ नवीन तारा आणणार आहे, कोटेड वाल्या.

दुसऱ्या गाण्याची पहिली चार ओळींची चाल काल झाली, कॅपो तिसऱ्या फ्रेटवरच आहे. बुवांना उद्या ऐकवणार, लाइट असो नसो.