मलप्रभा ०.४ : इनस्क्रिप्टवर जे टाइप होते तेच व्याकरण

मलप्रभा ही देवनागरी आणि कन्नड दोन्ही लिप्यांत प्रोग्राम लिहिता येणारी छोटी भाषा. खानापूर तालुक्यात कणकुंबीला उगम पावणाऱ्या नदीचे नाव तिला दिले आहे. ती कोणासाठी आहे हे पहिल्यापासून पक्के आहे: बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातल्या मराठी शाळेत आठवी-नववीला असलेली, कन्नडही लिहिता-वाचता येणारी मुले. ०.३ पर्यंतचा ढाचा पायथनचाच होता, फक्त शब्द मराठी. ०.४ मध्ये तो ढाचा मोडून व्याकरण नव्याने बांधले आहे. त्यामागची कारणे आणि प्रत्येक ठिकाणी काय अडते ते इथे नोंदवत आहोत. देवनागरीत भाषा करू पाहणाऱ्या प्रत्येकाला हेच अडणार आहे.

सुरुवात कीबोर्डपासून. इनस्क्रिप्ट (भारतीय लिप्यांचा प्रमाण कीबोर्ड लेआउट) चालू असताना बरोबरच्या चिन्हाच्या जागी ृ उमटतो. चौकटी कंसाच्या जागी ड आणि नुक्ता, महिरपी कंसाच्या जागी ढ आणि ञ. अर्धविराम च होतो, अपूर्णविराम छ होतो, अवतरणचिन्हे ट आणि ठ होतात. ‘पेक्षा लहान’चे चिन्ह मागितले तर ष मिळतो, तारांकन मागितले तर श्र. अंडरस्कोअरच्या जागी विसर्ग बसलेला आहे. काही लेआउटवर राइट ऑल्ट धरून यांतली काही चिन्हे निघतात, पण प्रत्येक संगणकावर तीच निघतील असे धरून चालता येत नाही. मग मुलाला एका ओळीत चार-पाच वेळा इंग्रजी-मराठी अदलाबदल करावी लागते, आणि मराठी की-वर्डचा सगळा फायदा तिथेच संपतो. की-वर्ड भाषांतरित केले की देशी भाषा झाली, हा समज आम्हाला मान्य नाही. आधी चिन्हे बघायला हवीत.

लेआउट न बदलता मिळते ते इतकेच: गोल कंस, स्वल्पविराम, टिंब, आडवी रेघ, आणि शिफ्ट धरून टिंबावर दंड. ०.४ चे सगळे व्याकरण एवढ्यात बसवले आहे. गुंठ्यांचे एकर करणारा हा नमुना पाहा, ४० गुंठ्यांचा एकर धरून:

गुंठे म्हणजे ५७
एकर म्हणजे गुंठे भागाकार ४०
उरलेले म्हणजे गुंठे बाकी ४०
जर उरलेले ० पेक्षा मोठे तर
  छाप(एकर, --एकर--, उरलेले, --गुंठे--)
नाहीतर
  छाप(एकर, --एकर--)
।

ओळ संपली की विधान संपले. ब्लॉक दंडाने बंद होतो. फोनेटिक लेआउटवर अनेक जण दंडाऐवजी उभी रेघ टाइप करतात आणि पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, म्हणून लेक्सर (प्रोग्रामचे सुटे शब्द-चिन्हे, म्हणजे टोकन, पाडणारा भाग) दोन्हींना एकच टोकन मानतो. या भाषेत उभ्या रेघेला दुसरे काही काम नाही, त्यामुळे गोंधळ होत नाही. दुहेरी दंडाचा कोडपॉइंट, म्हणजे युनिकोडमधला क्रमांक, वेगळा आहे (यू+०९६५), पण तो दोन दंड मानायचा, कारण आतले आणि बाहेरचे असे दोन ब्लॉक एकाच ओळीवर बंद करताना लोक तोच वापरतात.

अपूर्णविराम मात्र व्याकरणातून पूर्ण काढला आहे. किंमतीनंतर अपूर्णविराम आणि किंमतीनंतर विसर्ग यांतला फरक बहुतेक फॉन्टमध्ये डोळ्यांना दिसत नाही. विसर्ग (यू+०९०३) हा नावाचा भाग होऊ शकणारा कोडपॉइंट आहे, म्हणून लेक्सर तो व्हेरिएबलच्या नावात ओढून घेतो आणि चूक भलत्याच ओळीवर दाखवतो. शिकणाऱ्याला ती सापडणे जवळजवळ अशक्य.

जसाच्या तसा छापायच्या मजकुराच्या दोन्ही टोकांना दोन-दोन आडव्या रेघा. वर्ड प्रोसेसरमधून चिकटवलेल्या प्रोग्राममध्ये त्या दोन रेघांची एक लांब रेघ झालेली असते. यू+२०१३ आणि यू+२०१४ या दोन्ही रेघा त्यासाठी स्वीकारल्या आहेत. आडवी रेघ मजकुरात अडकल्यामुळे वजाबाकीला चिन्ह उरले नाही, आणि ते बरेच झाले: वजाबाकीसाठी ‘वजा’, ऋण संख्येसाठी ‘उणे’. पाठ्यपुस्तकात हा भेद आहेच. त्यामुळे ‘उणे’ नेहमी एकपदी आणि ‘वजा’ नेहमी द्विपदी, पार्सरला (टोकनांतून विधानाची रचना ओळखणाऱ्या भागाला) मागेपुढे पाहावे लागत नाही.

नाव पहिल्यांदा देताना ‘म्हणजे’, असलेल्या नावाची किंमत बदलताना ‘आता’. ‘एकर आता एकर अधिक १’ असे. दोन वेगळे शब्द ठेवण्याचे कारण ऱ्हस्व-दीर्घ. वर ‘किंमत’ आणि खाली ‘कींमत’ लिहिले की एकाच चिन्हाच्या भाषेत गुपचूप दुसरे व्हेरिएबल तयार होते आणि उत्तर चुकते. इथे ‘कींमत आता ५०’ म्हटल्यावर तसे नाव नसल्याची चूक येते. चूक दाखवताना ि-ी आणि ु-ू एकच धरून जवळचे नाव शोधले जाते आणि ‘किंमत म्हणायचे होते का?’ असे विचारले जाते. लेक्सरनेच दोन्ही एक मानावेत का, यावर बरीच चर्चा झाली. तसे केलेले नाही. दिन आणि दीन, सुत आणि सूत हे वेगळे शब्द आहेत, आणि भाषेने ते एक केले तर ती मुलांना चुकीचे लिहायला शिकवेल.

आता लेक्सर. पायथनमध्ये लिहिणाऱ्याचा पहिला हात रेग्युलर एक्स्प्रेशनकडे जातो, आणि तिथेच घात होतो. ‘री’ मॉड्यूलमधल्या बॅकस्लॅश-डब्ल्यूत अक्षरे आणि अंक येतात, पण काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त येत नाहीत. ‘किंमत’चे ‘क’ आणि ‘मत’ असे दोन तुकडे पडतात. उपाय: एकेक कोडपॉइंट घेऊन त्याची युनिकोड कॅटेगरी पाहणे. सुरुवात एल-ओ (अक्षर) ने, पुढे एल-ओ, एम-एन, एम-सी (मात्रांसारख्या खुणा) आणि एन-डी (अंक) चालतात. गो भाषेच्या व्याकरणात नावांसाठी अक्षरे आणि अंक एवढेच घेतले आहेत, खुणा नाहीत, म्हणून तिथे मात्रा असलेले मराठी नाव चालतच नाही. पायथन आणि रस्ट (१.५३ पासून) ती नावे घेतात. दुभाष्या (इंटरप्रिटर) पायथनमध्ये ठेवण्याचे एक कारण हेही: ‘युनिकोडडेटा’ मॉड्यूल सोबतच येते, वेगळे काही बसवावे लागत नाही.

टोकन करण्यापूर्वी नावे आणि की-वर्ड एकसारखे करणे भाग आहे, आणि त्यातला क्रम फार महत्त्वाचा. ‘दुसऱ्या’ मधला अर्धा र दोन प्रकारे साठवला जातो: ऱ (यू+०९३१) आणि हलन्त, किंवा साधा र, हलन्त आणि शून्य-रुंदीचा जोडक (यू+२००डी). दिसायला तंतोतंत एक. एनएफसी नॉर्मलायझेशन (एकच अक्षर लिहिण्याच्या वेगळ्या पद्धती एक करण्याची युनिकोडची रीत) यांना एक करत नाही. म्हणून पहिली पायरी: र-हलन्त-जोडक सापडला की त्याचा ऱ-हलन्त करायचा. दुसरी: उरलेले जोडक आणि यू+२००सी काढून टाकायचे. तिसरी: एनएफसी. पहिल्या दोन पायऱ्या उलटल्या तर जोडक आधीच उडतो, ‘दुसऱ्या’चे ‘दुसर्या’ होते आणि दोन नावे पुन्हा वेगळी पडतात. ॲ चीही तीच गत. यू+०९७२ हा कोडपॉइंट युनिकोड ५.१ मध्ये, २००८ साली आला. त्याआधीच्या सवयीने अ वर ॅ देऊन केलेला ॲ वेगळा राहतो, एनएफसी त्याला हात लावत नाही. ‘ॲडव्हान्स’ नावाचे व्हेरिएबल दोन संगणकांवर दोन तऱ्हेचे निघते. तक्त्यात ही जोडी हाताने घालावी लागते.

कन्नडच्या बाजूला एनएफसी मात्र पुरते. तिथे ऱ्हस्व ओकाराची खूण एका कोडपॉइंटने किंवा दोन तुकड्यांनी लिहिता येते, आणि नॉर्मलायझेशन त्यांना जोडून देते.

हे सगळे फक्त नावांना आणि की-वर्डना. रेघांमधल्या मजकुरावर केवळ एनएफसी चालवायचे. लिहिणाऱ्याने मुद्दाम ठेवलेला जोडक आपण काढायचा नाही.

फाइल उघडताना एन्कोडिंग स्पष्ट सांगा, ‘यूटीएफ-८-सिग’. विंडोजवर ते न सांगता उघडली तर जुने लोकेल एन्कोडिंग धरले जाऊ शकते. जुन्या नोटपॅडने सुरुवातीला ठेवलेली बीओएम खूणही याच पर्यायाने निघून जाते, नाहीतर पहिल्याच ओळीतला पहिला शब्द ओळखला जात नाही. डीटीपीवाल्यांकडून आलेल्या जुन्या बिगर-युनिकोड फॉन्टमधल्या फाइलीत पडद्यावर मराठी दिसते पण आत रोमन अक्षरे असतात. फाइलीत देवनागरी किंवा कन्नडचा एकही कोडपॉइंट नसेल तर पुढे न जाता तेवढेच सांगून थांबावे.

पार्सर प्रॅट पद्धतीचा आहे (वॉन प्रॅट, १९७३). बळाचे आकडे (जास्त बळाची क्रिया आधी): किंवा १०, आणि २०, तुलना ३०, अधिक-वजा ४०, गुणिले-भागिले-भागाकार-बाकी ५०. अडचण तुलनेचीच. ‘उरलेले ० पेक्षा मोठे’ यात दोन पदे शेजारी-शेजारी येतात आणि क्रिया शेवटी. नियम असा केला: एक पद संपल्यावर चिन्हाविना दुसरे पद सुरू झाले, तर ते ३१ बळाने वाचायचे आणि त्यापुढे ‘पेक्षा’ किंवा ‘इतके’ आलेच पाहिजे. त्यामुळे ‘अ ब अधिक १ पेक्षा मोठे’ यात ‘ब अधिक १’ एकत्र राहते. याची किंमत एका ठिकाणी मोजावी लागते. ‘गुंठे (४० अधिक क) पेक्षा मोठे’ यात गुंठे हे फंक्शन आहे की पद? कंस नावाला चिकटलेला असेल तरच फंक्शनची हाक, मध्ये जागा असेल तर नवे पद. म्हणजे लेक्सरने प्रत्येक टोकनसोबत ‘आधी जागा होती का’ ही खूण ठेवली पाहिजे. ही सोय नंतर घुसवायला गेलात तर सगळ्या टेस्ट बदलाव्या लागतात, सुरुवातीलाच ठेवा.

मुले शब्दयोगी अव्यय जोडून लिहिणार, शाळेत तसेच शिकवतात. ‘४०पेक्षा’ चालते, कारण आकडा अक्षरापाशी संपतो. ‘गुंठ्यांपेक्षा’ चालत नाही. सामान्यरूपावरून मूळ नाव शोधून काढावे हा मोह आवरला आहे: ‘घोड्यांपेक्षा’ हे घोडे आणि घोड्या दोन्हींचे होते, मग कोणते व्हेरिएबल घ्यायचे? अनोळखी नावाच्या शेवटी पेक्षा, पासून किंवा पर्यंत सापडले तर चुकीचा संदेश ‘हा शब्द सुटा लिहा आणि नाव मूळ रूपात ठेवा’ असे सांगतो.

कन्नड की-वर्डनी एक गोष्ट चांगली घडवली. कन्नडात अट शेवटच्या ‘आदरे’ने कळते, सुरुवातीला काही लागत नाही. म्हणून अटीचा सगळा भार ‘तर’ वर टाकला आणि ‘जर’ ऐच्छिक केला. पार्सर ओळीवरचे पद वाचतो, पुढे ‘तर’ किंवा ‘आदरे’ दिसला की त्याची अट करतो. नाहीतरला ‘इल्लदिद्दरे’, छापला ‘मुद्रिसु’, आणि दंडाऐवजी ‘मुगियितु’ही चालतो. दोन्ही तक्ते एकाच वेळी चालू असतात. लिप्यांचे युनिकोड पट्टे वेगळे (०९०० आणि ०सी८० पासून), त्यामुळे टक्कर होत नाही. अंक देवनागरी, कन्नड, रोमन तिन्ही चालतात. पायथनचे ‘इंट’ ते थेट वाचते. फक्त एका संख्येत दोन लिप्यांचे अंक आले तर चूक.

मोठ्या संख्यांत स्वल्पविराम घेतलेला नाही, फंक्शनच्या कंसात १,००,००० म्हणजे तीन पदे होतील. त्याऐवजी हजार, लाख, कोटी हे संख्येमागचे शब्द: ‘३ लाख’.

दशांशासाठी पायथनचे डेसिमल वापरले आहे, २८ अंकी अचूकतेचे. ऊसबिलाच्या नमुन्यात ०.१ अधिक ०.२ चे ०.३०००००००००००००००४ असे उत्तर मुलांना दाखवण्यात अर्थ नाही. पण जपून: पायथनचा पूर्णांक भागाकार खाली उतरतो आणि डेसिमलचा शून्याकडे वळतो. उणे ७ ला २ ने भागल्यावर पूर्णांकात भागाकार उणे ४, बाकी १. डेसिमलमध्ये भागाकार उणे ३, बाकी उणे १. प्रकार बदलला की उत्तर निमूटपणे बदलते. मलप्रभात शाळेतला नियम, बाकी कधीही ऋण नाही, आणि तो दोन्ही प्रकारांसाठी स्वतः लिहावा लागतो.

चूक कुठे आहे ते खाली बाण काढून दाखवणे सोडून दिले आहे. ‘क्षेत्रफळ’ हा शब्द यूटीएफ-८ मध्ये २७ बाइट, ९ कोडपॉइंट आणि डोळ्यांना ४ अक्षरे. युनिकोड १५.१ च्या आधीच्या ग्राफीम नियमांनी (डोळ्यांना दिसणारे एक अक्षर कोठे संपते ते ठरवणाऱ्या) मोजले तर ६. त्यात टर्मिनल आपल्या मर्जीने जोडाक्षरे फोडतो. बाण कुठेही पडतो, म्हणून ओळ क्रमांक आणि तो शब्द पुन्हा छापतो.

०.५ साठी याद्या. चौकटी कंस नाही म्हणून यादी(१, २, ३), मोजणी १ पासून. क्रमवारी लावताना कोडपॉइंटचा क्रम चालणार नाही, कारण तिथे ळ हा ल नंतर लगेच येतो आणि आपल्या वर्णमालेत तो ह च्या पुढे. तात्पुरता उपाय म्हणून सॉर्टच्या किल्लीत ळ ला ह नंतरचा आकडा दिला आहे. क्ष आणि ज्ञ त्याही पुढे न्यायचे आहेत, पण ते तीन-तीन कोडपॉइंटचे असल्याने किल्ली बनवण्याआधी ओळखावे लागतात. ते काम चालू आहे.