आमची वाटचाल: दिवे विझेनात तेव्हापासून

घरातले दिवे, पंखे मोबाइलवरून चालू-बंद करणारे बोर्ड बनवायला आम्ही तिघांनी सुरुवात केली, तेव्हा रिलेवर, म्हणजे छोट्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणाऱ्या स्विचवर, छापलेल्या ‘१० अँपिअर, २५० व्होल्ट’ या मजकुरावर आमचा पूर्ण भरवसा होता.

पहिली तक्रार आली, ती दिवे लागत नसल्याची नव्हे, तर विझत नसल्याची. एका रिलेवर १८ वॉटचे १२ एलईडी पॅनेल होते, म्हणजे लोड जेमतेम १ अँपिअर. रिलेमधले धातूचे संपर्कबिंदू, म्हणजे कॉन्टॅक्ट, ओढून जुळवणाऱ्या कॉइलचा पुरवठा बंद होता, तरी दिवे लख्ख. स्क्रूड्रायव्हरची मूठ रिलेवर हलकेच आपटली आणि खोलीत अंधार झाला. तो रिले फोडला, तेव्हा कॉन्टॅक्टवर टाचणीच्या डोक्याएवढा, वितळून पुन्हा थिजलेला ठिपका दिसला.

छापलेले १० अँपिअर हे हीटरसारख्या रेझिस्टिव्ह, म्हणजे साधारण एकसारखा प्रवाह घेणाऱ्या, लोडसाठी असतात, हे आम्हांला तेव्हा उमगले. एलईडी ड्रायव्हरमधला, म्हणजे दिव्याला योग्य वीज पुरवणाऱ्या सर्किटमधला, विद्युतभार साठवणारा कपॅसिटर सुरुवातीला रिकामा असतो. २३० व्होल्टच्या पुरवठ्याची लहर ३२५ व्होल्टच्या शिखरावर असताना कॉन्टॅक्ट जुळला, तर मिलिसेकंदाहूनही कमी काळ नेहमीच्या कित्येक पट प्रवाह वाहतो, आणि नेमक्या त्याच क्षणी कॉन्टॅक्ट थरथरत असल्यामुळे तिथे ठिणगी पडते. यावर आम्ही फ्यूज बसवला, ती आमची दुसरी चूक. फ्यूज आणि एमसीबी (आपोआप पडणारा स्विच) सतत चालणाऱ्या ओव्हरलोडपासून वायर वाचवतात. हा झटका त्यांना जाग येण्याआधीच ओसरलेला असतो.

मग एनटीसी थर्मिस्टर, म्हणजे तापल्यावर रोध कमी होणारा घटक, लावून पाहिला. थंड असताना तो झटका छान अडवतो, पण वीज जाऊन लगेच आली की तापलेल्या थर्मिस्टरचा रोध नावापुरताच उरलेला असतो. अखेर सहजी न चिकटणाऱ्या, सिल्व्हर टिन ऑक्साइडच्या कॉन्टॅक्टचे रिले घेतले आणि लहर शून्यावरून जात असतानाच कॉन्टॅक्ट जुळवायचे ठरवले. ५० हर्ट्झला अर्धी लहर १० मिलिसेकंदांची असते आणि रिलेला जुळायलाच काही मिलिसेकंद लागतात, म्हणून प्रत्येक रिलेची दिरंगाई तपासणीच्या वेळी मोजून चिपमध्ये नोंदवावी लागते. काम कंटाळवाणे आहे. फरक मात्र सर्वाधिक त्यानेच पडला. लोखंडी गाभ्याच्या ट्रान्सफॉर्मरला हा उपाय उलटतो, कारण शून्यावर जोडल्यास त्याचा गाभा संपृक्त होऊन, म्हणजे आणखी चुंबकत्व सामावू न शकल्याने, झटका वाढतो. त्यासाठी वेगळी सेटिंग ठेवली. गीझर आणि पंप आम्ही थेट रिलेवर घेतच नाही. तिथे कॉन्टॅक्टर, म्हणजे मोठ्या प्रवाहासाठीचा दणकट स्विच, लागतो, रिले फक्त त्याची कॉइल चालवतो. या हट्टापायी काही ऑर्डरी हातच्या गेल्या.

नव्या बोर्डात ‘बंद’चा आदेश दिल्यावरही प्रवाह वाहतो आहे का, हे तपासले जाते, आणि वाहत असेल तर ॲपवर ‘बंद’ऐवजी ‘रिले चिकटला’ असे दिसते.