यंत्राच्या उत्तरापुढे उभे राहणारी मुले

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी सर्वांसाठी खुले झाले आणि निबंध, सारांश, गणिताच्या पायऱ्या हे सारे मुलांना आयते मिळू लागले. युनेस्कोने सप्टेंबर २०२३ मधील मार्गदर्शिकेत वर्गात अशी साधने वापरण्यासाठी किमान १३ वर्षे वयाची मर्यादा सुचवली. पण वयाची अट घातली म्हणजे तयारी झाली, असे मला वाटत नाही.

ही यंत्रणा पुढचा शब्द कोणता असण्याची शक्यता अधिक, याचा अंदाज बांधत वाक्ये रचते, त्यामुळे खरे आणि खोटे ती सारख्याच ठामपणे सांगते. म्हणूनच तिने लिहिलेला एखादा परिच्छेद मुलांसमोर ठेवून त्यातले कोणते विधान पडताळायला हवे आणि ते कशावरून, हे त्यांच्याकडूनच काढून घेणे मला मोलाचे वाटते. अर्थात ज्याला विषयाची मुळीच माहिती नाही, त्याला चूक दिसणार तरी कशी? तेव्हा पाठांतराला सरसकट नावे ठेवण्याचेही कारण नाही.

वेगवेगळ्या देशांतील पंधरा वर्षांच्या विद्यार्थ्यांची क्षमता तपासणाऱ्या पिसा या आंतरराष्ट्रीय चाचणीने २०२२ मध्ये सर्जनशील विचार प्रथमच मोजला, हे चांगलेच झाले. मात्र गटात प्रकल्प करताना दोघांचे बिनसते, तिसरी मुलगी गप्प बसते आणि कुणाला तरी तिला ‘तुला काय वाटते?’ असे विचारावे लागते, ते कौशल्य प्रश्नपत्रिकेत कसे मावणार? चॅटबॉट रुसत नाही, उलट बहुधा होकारच भरतो. त्यामुळे मतभेद सोसण्याचा सराव वर्गातच व्हायला हवा आणि त्यासाठी शिक्षकाला अभ्यासक्रम उरकण्याच्या घाईतून थोडी मोकळीक द्यावी लागेल.