आमची वाटचाल: तराफे विकता विकता कापणीवर आलो

आमचा धंदा म्हणजे बोडीचं पाणी साफ करणारे झाडांचे तरंगते तराफे, अन् तो सुरू झाला मेलेल्या मासोळ्यांपासून. भंडारा जिल्ह्यातलं गाव, चारीकडे धान, मधे आमची बोडी म्हणजे लहान तळं, त्यात आम्ही दोघं भाऊ रोहू-कतला सोडायचो. कोरोनाच्या आदल्या वर्षी बांध्यांत युरिया पडला अन् दुसऱ्याच दिवशी असा पाऊस आला की सगळं पाणी धुरे फोडून बोडीत, आठ-दहा दिवसांत पाणी हिरवंगार, अन् एका पहाटे मासोळ्या पोट वर करून. कोणीतरी औषध टाकलं म्हणून आम्ही शेजारच्या काकांशी भांडलो पण (ते अजून टोमणे मारतात). नंतर कळलं, शेवाळ दिवसा ऑक्सिजन सोडतं पण रात्री स्वतःच ओढून घेतं, म्हणून मासोळी पहाटे मरते. युरियाच्या 45 किलोच्या गोणीत 46 टक्के नत्र (नायट्रोजन), म्हणजे वीस किलोच्या वर, अन् धान त्यातलं निम्मंही ओढत नाही, उरलेल्यातलं पाण्यासोबत बोडीत येऊन शेवाळाला खत होतं.

हैदराबादच्या नेकनामपूर तलावातल्या तरंगत्या बेटाचा व्हिडिओ पाहून आम्ही बांबूचा तराफा बांधला, वर काथ्या अंथरून वाळा अन् कर्दळ लावली. माती लागतच नाही. मुळं खाली पाण्यात लोंबतात, झाड नत्र अन् स्फुरद (फॉस्फरस) ओढतं, मुळांवर जिवाणूंचा बुळबुळीत थर बसतो तो बरंचसं नत्र वायू करून हवेत सोडून देतो. गावातले म्हातारे म्हणाले, "काहून बे, जलपर्णी कमी होती का तं आता हे लावून राहिले?"

पहिला तराफा वाऱ्यानं काठाला लागला अन् म्हशींनी कर्दळ साफ केली. बांबू पण सडला, आता खाली तोंडं बंद केलेले पीव्हीसी पाईप लावतो.

पण खरी चूक धंद्याची होती. आम्ही तराफे विकले, पैसे घेतले, मोकळे झालो. लोकांनी झाडं कापलीच नाही, ती वाळून पाण्यातच कुजली म्हणजे जे ओढलं ते परत बोडीत! एका गिऱ्हाईकानं बरोबर ऐकवलं, वर्षभर तर काहीच फरक नाही म्हणे. त्याचे पैसे परत केले, जड गेलं.

तेव्हापासून तराफ्यावर फारसा नफा घेत नाही, वर्षाच्या कापणीचा ठेका घेतो. आमचे दोन पोट्टे डोंगा घेऊन जातात, पाला कापून काठावर आणतात, कोवळा जनावरांना, बाकीचा खतखड्ड्यात, तेच खत पुन्हा वावरात. वाळ्याची मुळं कूलरच्या ताट्यांसाठी विकता येतील का असं उन्हाळा आला की कोणी ना कोणी विचारतंच. अरे मुळं कापली तर काम कोण करणार?

अख्खी बोडी झाका म्हणणाऱ्याला पण नाही म्हणतो, वरून हवा लागली नाही तर मासोळीच गुदमरेल. अन् पाऊस डोक्यावर असताना युरिया टाकू नका, एकदम न टाकता दोन-तीन वेळा थोडा थोडा टाका, हे फुकट सांगतो, मग आमचा एखादा तराफा कमी खपला तरी चालेल.

यंदा एका मासेमार सोसायटीच्या तलावाचं काम मिळालं आहे. पाईप आले, रोपं तयार आहेत, काथ्याच अडकला आहे, सकाळपासून त्या ट्रकवाल्याला फोन लावून राहिलो.