लुइसची हार्वीज: पिंपातली एल प्यायला जाणाऱ्यांसाठी

एल ही इंग्लंडची पारंपरिक बिअर, आणि ती बनवणारी हार्वीज ही ब्रूअरी (बिअरचा कारखाना) दक्षिण इंग्लंडमधल्या लुइस गावात आहे. लंडनच्या व्हिक्टोरिया स्टेशनवरून लुइसला साधारण तासभर लागतो, ब्रायटनहून पंधरा मिनिटं. व्हिक्टोरियाहून सुटणाऱ्या काही गाड्या हेवर्ड्स हीथला दुभंगतात, पुढचे डबे एकीकडे आणि मागचे दुसरीकडे. म्हणून आपण कुठल्या डब्यात बसलोय ते पाटीवर बघून घ्या. ऑयस्टर कार्ड (लंडनचं प्रवासाचं कार्ड) या मार्गावर गॅटविकपर्यंतच चालतं, लुइसचं तिकीट वेगळं काढावं लागतं. तीन ते नऊ जण असाल तर ग्रुपसेव्ह ही गटाची सवलत मागा. गर्दीची वेळ सोडून प्रवास केला तर एक-तृतीयांश भाडं वाचतं. रविवारी या मार्गावर रुळांची कामं निघतात, त्यामुळे शनिवार बरा. ५ नोव्हेंबर मात्र टाळाच. त्या रात्री लुइसमध्ये मशालींच्या मिरवणुका असतात, गाव गच्च भरतं आणि अलीकडे संध्याकाळनंतर गाड्या तिथे थांबवतच नाहीत. (५ तारीख रविवारी आली तर मिरवणूक आदल्या दिवशी.)

स्टेशनवरून चढ चढून हाय स्ट्रीटला या, उजवीकडे वळून स्कूल हिलचा उतार उतरा आणि ऊझ नदीवरच्या क्लिफ पुलावर थांबा. डावीकडे नदीला चिकटून उभी असलेली लाल विटांची उंच इमारत म्हणजे हार्वीज. गावकरी तिला लाडाने 'लुइस कथीड्रल' म्हणतात. विल्यम ब्रॅडफर्डने १८८१ मध्ये बांधलेली ही मनोरा-पद्धतीची ब्रूअरी. असं बांधायचं कारण सरळ आहे: माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) आणि पाणी एकदा वर चढवलं की पुढचा प्रवास उताराने, पंप कमी लागतात. कंपनी १७९० पासूनची, मालकी आजही जॉन हार्वीच्या वंशजांकडे. पाणी ब्रूअरीच्याच खालच्या विहिरीचं, खडूच्या डोंगरांतून झिरपून आलेलं. ऑक्टोबर २००० च्या पुरात नदी आत शिरली, तेव्हा टाक्यांमध्ये आंबत असलेली बिअर पुढे 'ऊझ बूझ' या नावाने विकली गेली.

चवीचं गमक यीस्टमध्ये आहे. १९५७ मध्ये यॉर्कशायरमधल्या टॅडकास्टरच्या जॉन स्मिथ्स ब्रूअरीतून आणलेलं यीस्ट आजतागायत घाण्यामागून घाण्याला लावलं जातंय. घरच्या विरजणासारखंच: आजच्यातलं थोडं उद्यासाठी राखायचं. हार्वीजची 'ससेक्स बेस्ट' तोंडात घेतल्यावर माल्टच्या बिस्किटी चवीमागे जी फळाची झाक लागते ती त्याचीच, आणि शेवटी उरणारा मातकट कडवटपणा इंग्लिश हॉप्सचा, म्हणजे बिअरमध्ये घालतात त्या कडू फुलांचा. बेस्ट ४ टक्क्यांची, तांबूस-तपकिरी. सकाळी मॅश (माल्ट गरम पाण्यात भिजवणं) चालू असेल तर पुलावर उकडलेल्या धान्याचा वास येतो. ब्रूअरी आतून बघायची असेल तर बुकिंग फार आधी करावं लागतं. ऐन वेळी जाऊन विचारण्यात अर्थ नाही.

पण ब्रूअरीतून बिअर अर्धवट तयार होऊनच निघते. उरलेलं काम पबच्या तळघरात होतं, आणि पब कुठला, वेळ कुठली हे निवडायचं कारण तिथेच आहे. पिंपात यीस्ट जिवंत असतं. पिंप आलं की आडवं मांडून पाचरी लावतात, मग हलवत नाहीत. वरच्या बुचात सच्छिद्र लाकडाची मऊ खुंटी ठोकतात, तिच्यातून जादा वायू फसफसत बाहेर येतो. फसफस मंदावली की घट्ट खुंटी, म्हणजे उरलेला वायू आतच राहतो. पुढच्या बुचात लाकडी हातोड्याच्या एका नेमक्या फटक्यात तोटी बसवतात. दुसरा फटका मारायची वेळ आली तर अंगावर कारंजं. गाळ बसून बिअर नितळ व्हायला एक-दोन दिवस लागतात. तळघर ११ ते १३ अंश सेल्सिअसला ठेवतात. इंग्लिश बिअर 'कोमट' असते असं म्हणतात, पण ती माठातल्या पाण्यासारखी गार असते. बर्फगार केली तर वासच मरतो.

आता हिशोब बघा. तोटी उघडली की निघालेल्या बिअरची जागा हवा घेते आणि तीनेक दिवसांत चव उतरते. फर्किन नावाचं नेहमीचं पिंप ९ गॅलनचं, म्हणजे ७२ पिंट (पिंट म्हणजे पबमधला पूर्ण ग्लास). तीन दिवसांत ते संपायचं तर रोज किमान २४ पिंट खपायला हव्यात, तेही प्रत्येक हॅण्डपंपामागे (तळघरातली बिअर हाताने ओढून वर आणणारा बारवरचा दांडा). रिकाम्या पबमध्ये आठ हॅण्डपंप दिसले तर हुरळून जाऊ नका. दोन-तीन हॅण्डपंप आणि गर्दी असलेला पब कधीही चांगला. दार उघडताच पहिली पिंट घेणंही टाळा: रात्रभर नळीत राहिलेली बिअर चांगला पब आधी ओढून टाकतो, आळशी पब तुमच्या ग्लासात देतो. साडेबारानंतर निर्धास्त.

पहिला थांबा पुलापलीकडे, ब्रूअरीसमोरचं जॉन हार्वी टॅव्हर्न. ऑर्डर आणि पैसे दोन्ही बारवर, टेबलावर कोणी येत नाही, टिपही अपेक्षित नसते. आधी 'हाफ ऑफ बेस्ट' मागा, म्हणजे २८४ मिलिलिटर. मग त्या हंगामातलं जे असेल त्याचं हाफ. ऑक्टोबरपासून थंडीभर ४.३ टक्क्यांची 'ओल्ड एल' मिळते, काळसर, काकवीकडे झुकणारी. आमच्या मते लुइसला जायचा खरा मोसम तोच. बेस्टची पूर्ण पिंट ५६८ मिलिलिटरची, २.३ युनिट (अल्कोहोल मोजायचं ब्रिटिश माप), चार पब करायचे तर हाफवरच राहा. गाडी चालवणार असाल तर हाफही नको.

दक्षिण इंग्लंडमध्ये हॅण्डपंपाच्या तोंडाला बारीक भोकांची जाळी लावत नाहीत, त्यामुळे फेस पातळ येतो. यॉर्कशायरसारखा साईचा थर इथे शोधू नका. तो नसणं हा दोष नाही. ग्लास फारच कमी भरला असेल तर 'टॉप अप, प्लीज' म्हणावं, कोणी वाईट वाटून घेत नाही.

दोष कसा ओळखायचा? ग्लास खिडकीकडे धरा. बेस्टमधून पलीकडचा माणूस दिसायला हवा. गढूळ असेल तर पिंप तळाला आलंय, कोणीतरी हलवलंय किंवा गाळ बसायच्या आत विकायला काढलंय. व्हिनेगरसारखी आंबट लागली तर हवा लागून बॅक्टेरिया वाढलेत. पिंप फार दिवस उघडं आहे. निर्जीव, सपक लागली तर घट्ट खुंटी रात्री लावायची राहिली. लोण्यासारखा वास आला तर आंबवणं नीट पुरं झालेलं नाही, त्यात पबचा दोष कमीच. दोन घोटांत कळलं की लगेच ग्लास परत न्या आणि नुसतं सांगा की चव बिघडलीय. बहुतेक ठिकाणी बदलून देतात. पाऊण ग्लास संपवून तक्रार केलीत तर कोण ऐकणार?

शाकाहारी मंडळींनी एक लक्षात ठेवावं: गाळ बसवायला बहुतेक पारंपरिक कास्क एलमध्ये, म्हणजे पिंपातल्या एलमध्ये, आयसिंग्लास घालतात, म्हणजे माशाच्या वाळवलेल्या हवेच्या पिशवीपासून केलेला द्रव. तो गाळाबरोबर तळाला जातो, पण वापरलेला असतो. बारवर 'इज इट व्हीगन?' एवढं विचारलं की पुरे. जेवायचं असेल तर दोनच्या आत मागवा. दुपारी बरीच स्वयंपाकघरं बंद होतात आणि मग वेफर्सवर भागवावं लागतं.

तिथून स्कूल हिल परत चढा. हाय स्ट्रीटवरचा 'राइट्स ऑफ मॅन' हार्वीजचाच. नाव टॉमस पेनच्या पुस्तकावरून. १७६८ ते १७७४ तो याच गावात राहत होता. मग किल्ल्याखालचा लुइस आर्म्स. २००६ च्या अखेरीस तेव्हाच्या मालक कंपनीने इथला हार्वीजचा हॅण्डपंप काढला. गिऱ्हाइकांनी बहिष्कार टाकला, दारात उभं राहून येणाऱ्याला परत पाठवलं. एप्रिल २००७ मध्ये कंपनीला बेस्ट परत आणावी लागली. बिअरसाठी एवढं कशाला, असं वाटत असेल तर इथे बसून एक हाफ घ्या.

शेवटचा थांबा गावाच्या साउथओव्हर भागातला स्वान इन. तिथे उतरणारी कीअर स्ट्रीट गोट्यांची, तीव्र उताराची आहे. पाऊस पडून गेला असेल आणि पोटात तीन हाफ असतील तर कडेच्या भिंतीला धरून उतरा किंवा सरळ स्टेशन स्ट्रीटने वळसा घ्या. स्वानमधून स्टेशन चालत दहा मिनिटांच्या आत.

खरेदी मात्र संध्याकाळवर ठेवू नका, क्लिफमधलं (पुलाजवळच्या भागातलं) ब्रूअरीचं दुकान आधी बंद होतं. ताजी बिअर घरी न्यायची तर मिनीपिन हा छोटा डबा १८ पिंटांचा, दहा किलोंच्या वर. स्कूल हिलच्या चढाला तो काय असतो ते खांद्याला कळतं. आधी कळवून ठेवा आणि त्या दिवशी पबचा क्रम उलटा करा, क्लिफ शेवटी, पण दुकान बंद व्हायच्या आत. भारतात न्यायला बाटल्याच बऱ्या. ९ टक्क्यांची 'इम्पीरियल एक्स्ट्रा डबल स्टाउट' मुरत ठेवता येते, प्रवासाने बिघडत नाही. करमुक्त मर्यादा दारू, वाइन, बिअर सगळं मिळून माणशी २ लिटर. बाटल्या कपड्यांत गुंडाळून चेक-इनच्या बॅगेत, मधोमध. पिंपातली बेस्ट मात्र विमानात नेता येत नाही.