९७९ मतांचं परराष्ट्र धोरण

ब्रिटनमधल्या मुस्लिम मतदारांचा परराष्ट्र धोरणावर आणि सुरक्षेवर कितपत प्रभाव पडतो? ४ जुलै २०२४ च्या संसदीय निवडणुकीत ब्रिटनभर मजूर पक्षाची लाट होती, तरी लेस्टर साउथ मतदारसंघात त्याच पक्षाचे जोनाथन ॲशवर्थ ९७९ मतांनी पडले. पाडलं शॉकत ॲडम या अपक्षाने, गाझाच्या मुद्द्यावर. ब्लॅकबर्न आणि पेरी बारमध्येही मजूर पक्ष अपक्षांकडून हरला: फरक १३२ आणि ५०७ मतांचा. नंतर आरोग्यमंत्री झालेले मजूर पक्षाचे वेस स्ट्रीटिंग इलफर्ड नॉर्थमधून जेमतेम ५२८ मतांनी वाचले.

२०२१ च्या जनगणनेत इंग्लंड-वेल्समध्ये मुस्लिम ६.५ टक्के, म्हणजे सुमारे ३९ लाख. देशभर सारखे विखुरले असते तर कुणी विचारलंही नसतं. पण ब्रॅडफर्ड, बर्मिंगहॅम, पूर्व लंडन इथे वस्ती दाट आहे, आणि निवडणूक आपल्यासारखीच: ज्याची मतं जास्त तो निवडून आला.

खासदार पाडता येतो. धोरण हलवणं कठीण. इराक युद्धाच्या रागात २००५ मध्ये बेथनल ग्रीन अँड बो इथे जॉर्ज गॅलोवे ८२३ मतांनी जिंकले, पण ब्रिटिश फौजांची इराकमधली लढाऊ मोहीम २००९ पर्यंत चाललीच. गाझाच्या वेळी थोडं जास्त हललं. नोव्हेंबर २०२३ मध्ये मजूर पक्षाच्या ५६ खासदारांनी व्हिप झुगारून युद्धबंदीच्या बाजूने मत दिलं. सप्टेंबर २०२४ मध्ये इस्रायलला शस्त्रं विकण्याच्या सुमारे ३५० परवान्यांपैकी ३० स्थगित झाले. एफ-३५ लढाऊ विमानांच्या जागतिक साखळीत जाणारे सुटे भाग मात्र बहुतांशी वगळले. वर्षभराने पॅलेस्टाइनला मान्यता मिळाली. हे सगळं मुस्लिम मतांमुळेच झालं असं म्हणणं भाबडेपणाचं. आंतरराष्ट्रीय कायद्याचा आणि पक्षातल्या इतरांचाही दबाव होताच.

काश्मीरवर उलटं झालं. २०१९ च्या मजूर पक्षाच्या अधिवेशनातल्या, आंतरराष्ट्रीय हस्तक्षेप मागणाऱ्या ठरावावर भारतीय वंशाचे मतदार बिथरले, आणि २०२० मध्ये पक्षाचे नवे नेते किअर स्टार्मर यांनी हा भारत-पाकिस्तानमधला प्रश्न असल्याचं सांगून टाकलं.

सुरक्षेच्या बाबतीत मतांपेक्षा विश्वास मोलाचा. २०१० मध्ये बर्मिंगहॅमच्या मुस्लिमबहुल भागांत २१८ कॅमेरे लागले, त्यातले ७२ छुपे. लोकांना सांगितलं, गुन्हेगारी रोखायला. पैसा आला होता दहशतवादविरोधी निधीतून. बिंग फुटल्यावर कॅमेऱ्यांवर पिशव्या चढवल्या आणि पुढे ते काढावे लागले. मुलगा बिघडतोय हे पहिल्यांदा घरच्यांना कळतं, आणि त्यांनीच पोलिसांकडे जाणं थांबवलं तर कॅमेरे काय कामाचे?

लोकांना दहशतवादाकडे वळण्याआधीच रोखायच्या ‘प्रिव्हेंट’ या सरकारी योजनेतही हीच गोची. २०१५ च्या कायद्याने शाळा, रुग्णालयं, विद्यापीठं यांच्यावर जबाबदारी टाकली. शिक्षकाने कळवलं की पोलीस छाननी करतात, गरज वाटली तर प्रकरण नगरपालिकेच्या ‘चॅनल’ समितीकडे जातं, आणि पुढची मदत संमतीनेच. मूल असेल तर पालकांच्या. अंगावर येऊ नये म्हणून शिक्षक शंका आली की कळवून मोकळे होतात. बहुतेक प्रकरणं ‘चॅनल’च्या मदतीपर्यंत पोचतच नाहीत, पण घरात धास्ती बसते ती बसतेच.

ब्रिटनमध्ये नव्याने येणाऱ्या मराठी मंडळींना बहुधा माहीत नसतं: कॉमनवेल्थचे नागरिक म्हणून भारतीय पासपोर्टवाल्यांनाही ब्रिटिश संसदेसाठी मतदान करता येतं, अगदी स्टुडंट व्हिसावरही. नाव ऑनलाइन नोंदवायचं, मतदानाच्या १२ कामकाजी दिवस आधीपर्यंत. ओळखीसाठी आपला पासपोर्ट चालतो.