मळखाऊ

पाऊस सरल्यावर घराला रंग काढायचा, असे यंदा ठरले आणि घरातल्या चार माणसांमध्ये रंग कोणता यावर तीन आठवडे वाद चालला. त्या रंगाचे फिनिश कोणते, म्हणजे वाळल्यावर तो किती चकाकणार, हा प्रश्न मात्र दुकानाच्या काउंटरवर पैसे देता देता दोन मिनिटांत उरकला जाणार होता. तो तसा उरकला गेला नाही, याचे श्रेय आमच्या पेंटरकाकांना. घर बघायला ते पहिल्यांदा आले, तेव्हा मी उत्साहाने शेड कार्ड उघडून त्यांच्यापुढे धरले, तर त्यांनी ते मिटून टीपॉयवर ठेवले आणि म्हणाले, "वहिनी, रंग तुम्ही कुठलाही घ्या. घरात कोण कुठं बसतं आणि कुठं टेकतं, तेवढं मला आधी सांगा."

आमचा वाद अर्थातच त्या मिटलेल्या शेड कार्डात अडकला होता. लेकीला राखाडी हवा होता, नवऱ्याला पांढरा (कारण पांढऱ्यात चुकायला काही नसते, असे त्याचे मत), मला फिकट शेवाळी आणि सासूबाईंना श्रीखंडी. आईंची रंगांची भाषा साड्यांच्या दुकानातून आलेली आहे. आमसुली, अंजिरी, गुलबक्षी, अबोली, पारवा, चिंतामणी हे रंग त्या नुसत्या नावावरून डोळ्यांपुढे आणू शकतात, पण चार आकडी क्रमांक आणि त्याखालचे परदेशी नाव यांतून त्यांना काहीच दिसत नाही. दुकानातल्या मुलाला त्यांनी फार शांतपणे समजावून सांगितले, की चक्क्याचा पांढरा नको आणि केशर सांडल्यासारखा पिवळाही नको; श्रीखंड घोटून तासभर झाल्यावर त्याला जो रंग येतो, तो हवा. त्या मुलाने तीन पाने चाळून बोट ठेवले, ते नेमके बरोबर निघाले. मराठीत रंगांची इतकी खाण्यापिण्यातली नावे असताना शेड कार्डावर त्यांतले एकही का नसावे, याचे मला त्या दिवशी वाईट वाटले.

कार्डावरच्या काडेपेटीएवढ्या चौकोनावर विसंबून आम्ही पूर्वी एकदा फसलो होतो, म्हणून यंदा नमुन्याच्या लहान डब्या आणल्या आणि हॉलच्या दोन समोरासमोरच्या भिंतींवर दोन फूट लांबीरुंदीचे चौकोन दोन-दोन हात देऊन रंगवले. आठवडाभर घर एखाद्या फरशीच्या दुकानासारखे दिसत होते, पण त्या आठवड्यात जे कळले ते महिनाभर कार्ड बघून कळले नसते. आमचा हॉल पश्चिमेचा आहे. सकाळी सभ्य वाटणारा श्रीखंडी संध्याकाळी पाचच्या उन्हात एकदम आंब्याच्या बर्फीसारखा दिसू लागे. लेकीचा राखाडी दिवसा निळसर आणि रात्री पिवळ्या दिव्यात मातकट. दिव्याच्या खोक्यावर ३००० के किंवा ६५०० के असे छापलेले असते (आकडा लहान तर उजेड पिवळट, मोठा तर निळसर पांढरा), त्याकडे बल्ब घेताना मी कधी पाहिले नव्हते. रंग ठरवायचा तर आधी तो आकडा बघावा लागतो. झोपायच्या खोलीत तर निराळीच गंमत झाली. तिथला साधा मोतिया दुपारी आकाशी दिसायचा. समोरच्या इमारतीने गच्चीवर घातलेल्या निळ्या पत्र्याचा रंग उन्हाबरोबर आमच्या भिंतीवर येत होता आणि त्याला कुठल्याच दुकानात उतारा नव्हता. शिवाय एक चौकोन दिसतो तसा सगळी खोली दिसत नाही. चारही भिंती एकमेकींवर आपापला रंग टाकतात आणि तोच रंग कार्डापेक्षा चढा वाटतो. म्हणून आम्ही शेवटी श्रीखंडीच घेतला, पण दोन पायऱ्या उतरून. आईंच्या मते हे श्रीखंड आता पियुष झाले आहे.

पण काकांचा प्रश्न राहिलाच होता. कोण कुठे टेकते? हॉलमधल्या दिवाणावर, खिडकीपासून दुसऱ्या टोकाला, आई बसतात. गेल्या वेळी तिथे आम्ही मॅट रंग लावला होता आणि वर्षभरात त्यांच्या डोक्याच्या उंचीवर खोबरेल तेलाचा भाकरीएवढा गोल उमटला. तो मी एका रविवारी साबणाच्या पाण्याने घासला. डाग फिका झाला, पण मी जेवढ्या भागावर फडके फिरवले होते तेवढा भाग चकचकीत झाला, आणि ट्यूब लावली की तेलाच्या गोलाभोवती आणखी एक मोठा गोल दिसू लागला. पुढची कितीतरी वर्षे पाहुणे आले की मी तिथे उशी उभी करत असे. आईंना ते कळत होते आणि त्या काही बोलत नव्हत्या, हे मला जास्त लागत असे.

असे का होते, ते काकांनी त्यांच्या भाषेत सांगितले आणि मी नंतर वाचून पडताळले. रंगाच्या डब्यात, पातळ करणारा द्रव सोडला तर, मुख्यतः दोन गोष्टी असतात, एक रंग देणारी बारीक पूड आणि दुसरा तिला भिंतीला धरून ठेवणारा चिकट भाग. पूड जास्त आणि चिकट भाग कमी असेल, तर वाळल्यावर पुडीचे कण पृष्ठभागावर डोके वर काढून राहतात, त्यांवर पडलेला उजेड चहूकडे विखुरतो आणि भिंत मऊ, शांत दिसते. तोच मॅट. चिकट भाग जास्त असेल, तर तो कणांना पूर्ण बुडवून वर सपाट साय धरतो आणि उजेड आरशासारखा परतवतो. तो ग्लॉस. सॅटिन आणि त्याची भावंडे या दोहोंच्या मधली. सायीवर डाग राहतो आणि पुसता येतो, उघड्या कणांमध्ये तेल आत मुरते आणि घासले की कणच झिजून गुळगुळीत होतात. म्हणजे मी डाग पुसत नव्हते, भिंतीला पॉलिश करत होते. एवढेच नव्हे, तर एकच क्रमांक मॅटमध्ये फिकट आणि ग्लॉसमध्ये गडद दिसतो, म्हणजे फिनिश न ठरवता रंगावर भांडणे हे मुळातच अर्धवट भांडण होते.

गंमत अशी, की हे शहाणपण मी लहानपणापासून पाहत आले होते. रत्नागिरीच्या माहेरच्या घराला दर दिवाळीपूर्वी चुना लागायचा. पिंपात चुनकळी टाकून पाणी ओतले की ते खदखदू लागे आणि आम्हा मुलांना अंगणाच्या पलीकडे पिटाळले जाई. मग तो चुना गाळायचा, पांढरेपणा यावा म्हणून चिमूटभर नीळ आणि अंगाला लागू नये म्हणून डिंकाचे पाणी घालायचे. कुंचा फिरवताना भिंत नुसती ओली आणि करडी दिसे, पांढरी होई ती वाळताना, हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन. एवढे करूनही पाठ टेकली की सदऱ्याला चुना लागायचाच. म्हणून जमिनीपासून हातभर उंचीचा गेरूचा पट्टा असे, कारण केर, पाणी आणि पाय सगळे तिथेच लागते. पुढे शाळेत आणि सरकारी दवाखान्यात तोच पट्टा खांद्यापर्यंत चढलेला पाहिला, खाली तपकिरी ऑइल पेंट आणि वर फिकट डिस्टेंपर. तो मला तेव्हा फार कुरूप वाटे. हात, दप्तरे आणि डोकी कुठवर पोहोचतात, ते मोजून काढलेली रेघ होती ती. (रत्नागिरीचा विषय निघालाच आहे म्हणून सांगते. तिथे एक काळा समुद्र आहे आणि एक पांढरा समुद्र, किनाऱ्यांची नावेच तशी. आजच्या डब्यातल्या रंगाचा पांढरेपणा टायटॅनियम डायऑक्साइडचा असतो आणि ते ज्या इल्मेनाइट नावाच्या खनिजापासून काढतात, त्याचे काळे कण तिथल्या किनाऱ्यांवरच्या वाळूत आहेत, हे मला पन्नाशीत कळले.)

हे सगळे ऐकून नवरा म्हणाला, "मग सगळीकडे ग्लॉसच मारू, विषय संपला." काका हसले आणि त्या रात्री लांबी (पुट्टी) भरून, घासून झालेल्या भिंतीपाशी त्यांनी आम्हाला बोलावले. खोलीतले दिवे बंद करून, लांब वायरचा एक बल्ब त्यांनी भिंतीला जवळजवळ चिकटवून धरला. दिवसा तळहातासारखी सपाट वाटणारी भिंत त्या आडव्या उजेडात ओहोटीच्या वाळूसारखी दिसू लागली. लांबी ओढायच्या पत्रीच्या लाटा, एका ठिकाणी जुन्या खिळ्याचा खळगा, वायरिंगसाठी फोडून बुजवलेली तिरपी खाच. काका पेन्सिलीने गोल करत गेले आणि मोजायचे सोडून दिले तेव्हा भिंतीवर तीसेक गोल होते. खिडकीचा उजेड आमच्या हॉलमध्ये असाच आडवा येतो. ग्लॉस यातली एकही लाट लपवत नाही, मॅट बहुतेक सगळ्या पोटात घालते. नवऱ्याने तो विषय पुन्हा काढला नाही.

मग घराची वाटणी झाली. छत आणि झोपायच्या खोल्या मॅट, कारण छताला कोणी टेकत नाही. स्वयंपाकघरात फोडणी बसते म्हणून तिथे सेमी-ग्लॉस. बोळातल्या भिंतीला, जिथे लेकीची सायकल आणि नवऱ्याचा बूट घालताना टेकवलेला पाय लागतो, तिथे आणि हॉलला सॅटिन. खिडक्यांच्या गजांवर जुना ऑइल पेंट होता. घरगुती रंगांत शिशाचे प्रमाण ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भागांच्या) वर नसावे, हा नियम आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. आमच्या गजांचा रंग त्याच्या फार आधीचा, म्हणून तो कोरडा न खरवडता ओला करून घासायला लावला आणि लेकीला त्या दिवशी मैत्रिणीकडे पाठवले. देवघराच्या कोनाड्याला आईंनी गडद हळदी निवडला होता. पिवळा झाकत नाही, हे काकांनी आधीच बजावले होते; दोन हातांनी भागले नाही, तिसरा दिला आणि खालचा पांढरा अजूनही दिसतोय म्हणून चौथा द्यावा लागला. बाकी भिंतींचे गणित, म्हणजे लिटरला एका हाताचे साधारण १३० ते १५० चौरस फूट, बरोबर जमले होते. ते चुकले त्या तीन फुटी कोनाड्यापुरते.

आईंना मी विचारले, की हॉलला सॅटिन पसंत आहे का. त्यांनी हात फिरवून पाहिला आणि एकच विचारले, "मळखाऊ आहे ना?" मी म्हटले, मळ खात नाही, पण पुसू देतो. त्यांना तो फरक पटलेला दिसला नाही. मळखाऊ म्हणजे डाग पडल्यावर कोणाला उठून घासावे लागू नये असा, आणि आयुष्यभर घासण्याचे काम ज्यांनी केले त्यांनीच तो शब्द काढलेला असावा.

जाताना काकांनी बजावले, की रंग पुरता घट्ट व्हायला महिना लागतो, तोवर भिंत धुवू नका. आईंनी त्याचा अर्थ टेकू नका असा घेतला. त्या दिवाणावर आपल्या जागी बसतात, पण पाठ आणि भिंत यांच्यात वीतभर अंतर ठेवून, वर्गात पहिल्या बाकावर बसल्यासारख्या ताठ. उशी लावू का म्हटले तर नको म्हणतात. स्वयंपाकघराच्या दारामागच्या कालनिर्णयावर त्यांनी एका सोमवारी पेन्सिलीने बारीक गोल केला आहे.